भांडवल कुणाचे, रीत कुणाची?

बेळगावातील आपल्या तरुण कारखानदारांना आता बाहेरचे गुंतवणूकदार भेटू लागले आहेत. त्यात गैर काही नाही; पैशाविना धंदा वाढत नाही. पण आपली मंडळी भावासाठी घासाघीस करतात आणि उद्या कारखान्यात रीत कुणाची चालणार, हे विचारायचेच राहते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच गावात सायकलचे दुकान काढले. पुढे त्यांचे लोखंडी नांगर खपायला दोन वर्षे लागली. नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोडची जमीन व १०,००० रुपये बिनव्याजी दिले. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेथे शिक्षा भोगून आलेल्यांनाही पहारेकरी नेमले गेले. असे प्रयोग धीराच्या पैशावरच होतात.

दुसरी बाजूही पाहावी. १९६२ साली पुण्यात भागीदारीत किर्लोस्कर कमिन्स निघाली. १९९७ साली अमेरिकन भागीदाराने किर्लोस्करांचा हिस्सा घेतला आणि पुढे नावातले किर्लोस्कर गेले. व्यवहार रीतसर होता. पण हिस्सा गेला की पाटीही जाते.

म्हणून सहीपूर्वीच कराराच्या कागदावर लिहून घ्यावे: नाव राहील का, जुने कामगार राहतील का, कारखाना येथून हलेल का?

आणि आपण? आपली शिल्लक मुदत ठेवीत आणि सोन्यात पडून आहे. पाच-दहा घरांनी मिळून आपल्याच मुलांच्या धंद्यात थोडी घालावी. मराठी पाटीसाठी आपण रस्त्यावर उतरतो; पाटीमागच्या दुकानालाही भांडवल द्यायला हवे.