न पडता आलेली दाढ

दोस्तांनो, आज आधी एक प्रयोग. हात स्वच्छ धुवा, आरशासमोर उभे राहा आणि मोठ्ठा आ करा. खालच्या जबड्यात अगदी मधोमध दोन पटाशीचे दात एकमेकांना टेकलेले दिसतील. तिथून एका बाजूला बोटाने मोजत जा. एक, दोन, तीन... एखादा दात पडलेला असेल तर त्याची रिकामी जागाही मोजायची बरं का! सहाव्या नंबरावर कोण आहे? चांगली रुंद, चौकोनी, डोक्यावर खाचाखोचा असलेली दाढ? तीच आपली आजची पाहुणी. पाहुणी कसली, ती तर कायमची राहायला आलेली!

तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल? नवल तिच्या येण्यात आहे. एरवी नवा दात येणार म्हणजे घरात केवढा गाजावाजा! आधी दुधाचा दात हलायला लागतो, मग आपण तो जिभेने हलवत बसतो, एक दिवस तो पोळीच्या घासात हाताला लागतो. कुणाच्या घरी तो छपरावर फेकतात, कुणाच्या घरी उंदराच्या बिळात टाकतात. ही सहावी दाढ मात्र कुणालाही न पाडता येते. दुधाचे दात असतात वीस, म्हणजे प्रत्येक बाजूला वर पाच आणि खाली पाच. मूल सहा वर्षांचं झालं की त्या पाचांच्या मागे, हिरडीच्या रिकाम्या जागेतून ही गुपचूप वर सरकते. अशा चार कोपऱ्यांत चार. दात पडला नाही, रक्त आलं नाही, मग नवा दात आला हे कळणार कसं? घरातल्या सगळ्यांना वाटतं, ही दुधाचीच.

माझ्या घरी अगदी हेच झालं. मी आज दातांची डॉक्टर आहे, पण तेव्हा होते नऊ वर्षांची, चौथीत. खालची उजवीकडची दाढ ठणकायला लागली. आईने लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी गाल सुजला. आजी म्हणाली, "अगं, दुधाची दाढ ती, आज ना उद्या पडायचीच. काढून टाका, नवी येईल." आमच्या गावच्या आठवडी बाजारात एक जण दात काढून द्यायचा. बाबांनी मला त्याच्याकडे नेलं. दाढ निघाली, ठणका थांबला. मी रोज सकाळी जीभ फिरवून बघायची, नवी आली का? एक वर्ष गेलं, दोन गेली. आठवीत असताना शाळेत दातांची तपासणी झाली, तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं, "ही कायमची दाढ कधी काढलीस गं?" नवी येणारच नव्हती, कारण गेली तीच नवी होती. पुढे तिच्या मागची दाढ त्या फटीत कलली, वरची खाली उतरली. मी अजूनही भाकरी डाव्या बाजूनेच चावते.

आता या दाढेलाच कीड का लागते ते बघू. तिच्या डोक्यावरच्या खाचा नीट बघितल्या तर बारीक रेघांसारख्या दिसतात. त्यातल्या कित्येक खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा एक केसही आत जात नाही. बिस्किटाचा लगदा मात्र आरामात जातो! शिवाय नवीन दाढ बाजूच्या दातांपेक्षा खाली असते. आपण ब्रश भराभर पुढेमागे फिरवतो, तो शेजारच्या दातांवरून सरकतो आणि हिच्या डोक्याला शिवतसुद्धा नाही. त्यात नव्या दाताचं वरचं कवच पहिली दोनेक वर्षं थोडं कच्चंच असतं. म्हणजे सगळ्यात लहान वयात, सगळ्यात मागे, सगळ्यात दुर्लक्षित. कीड लागणार नाही तर काय?

आणि हो, कीड म्हणजे अळी नव्हे. जत्रेत कधी एखादा माणूस दातातून अळ्या काढून दाखवताना बघितला असेल, तर तो सगळा हातचलाखीचा खेळ असतो. खरे राहणारे आहेत ते जंतू, डोळ्यांना न दिसणारे. हॉलंडमधल्या लेव्हेनहूक नावाच्या कापड-व्यापाऱ्याने स्वतः घासून केलेल्या भिंगाखाली आपल्याच दातांवरचा पांढरा थर धरला आणि त्यात वळवळणारे जीव बघून तो थक्क झाला. १६८३ साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. हे जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ खातात आणि आम्ल सोडतात. आम्लाने दातातला चुना विरघळतो. पण आपली लाळ काही गप्प बसत नाही. अर्ध्या-एक तासात ती आम्ल धुऊन काढते आणि झिजलेल्या जागी थोडा चुना परत बसवतेसुद्धा. म्हणून जेवणाबरोबर एकदम चार पेढे खाल्ले तर दातांना एकदाच मार बसतो. तेच एक चॉकलेट दिवसभर पुरवून पुरवून खाल्लं तर लाळेला सवडच मिळत नाही. (हे वाचून आईकडे चार पेढे मागू नका!) रात्री झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणून रात्रीचं घासणं चुकवायचं नाही. घासून झालं की थुंकायचं, त्यानंतर दूधबिध काही नाही, फक्त पाणी.

सहावीसाठी ब्रश कसा धरायचा? गालाच्या बाजूने आडवा आत घाला आणि त्या एकट्या दाढेवरच दहा-बारा वेळा हलकेच फिरवा. तोंड फार वासलं तर गाल ताणला जातो आणि ब्रश आत जात नाही, म्हणून अर्धंच उघडा. आणखी एक उपाय आहे आणि तो मला फार आवडतो. डॉक्टर दाढेच्या खाचांमध्ये पातळ रस ओततात आणि निळ्या उजेडाने तो घट्ट करतात. याला सीलंट म्हणतात. सुई नाही, घर्रर्र करणारं मशीन नाही. दाढ पूर्ण वर आली की लगेच, कीड लागायच्या आधी हे केलं तर खाचा बंद! दातांच्या सरकारी कॉलेजात चौकशी करा. सील केलं तरी ब्रश सुटत नाही, कारण दोन दातांच्या मधल्या फटी उघड्याच असतात.

पेस्टमधलं कामाचं औषध म्हणजे फ्लोराइड. त्याची गोष्ट मजेशीर आहे. १९०१ साली मॅके नावाचे तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी गेले, तर तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग! पुढे लक्षात आलं की डागाळलेल्या या दातांना कीड मात्र कमी लागते. कारण १९३१ मध्ये सापडलं, पाण्यातलं जास्त फ्लोराइड. आपल्याकडेही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. तिथल्या मुलांचे दात पिवळट-तपकिरी दिसतात. तो मळ नव्हे, त्यांना कुणी चिडवायचं नाही. थोडं असेल तर औषध, फार असेल तर डाग. म्हणून पेस्ट वाटाण्याएवढीच घ्या आणि तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी.

बारा-तेरा वर्षांच्या वाचकांनो, तुमच्यासाठी खास बातमी. सहावीच्या मागे सातवी येतेय, तीही न पडता!

घरातल्या मोठ्यांचे दात बघायचं कामही मी तुम्हालाच देते, कारण तुम्ही सांगितलेलं ते ऐकतात. बाळ दुधाची बाटली तोंडात धरून झोपत असेल तर त्याचे पुढचे दात आधी किडतील. दादाच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येत असेल तर ब्रश बंद करायचा नाही, उलट नीट घासायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. आजी मिश्री लावत असेल तर? मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू. १९९२ साली सरकारने पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्याला कोण बंदी करणार? तिने हिरड्या खराब होतात आणि तोंडाचा कर्करोगही होऊ शकतो. आजीवर ओरडू नका, सवय सुटायला अवघड असते. तिला डॉक्टरांकडे घेऊन मात्र जा. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर उशीर करायचा नाही.

माझ्या भाचीला गेल्या महिन्यात सहा पूर्ण झाली. मी टॉर्च घेऊन तिला खिडकीत बसवलं. तीन कोपऱ्यांत दाढा आलेल्या होत्या, चौथ्यात हिरडीतून नुसतं एक पांढरं टोक दिसत होतं. शेजारी बाबा उभे होते, आता पंच्याहत्तरीचे. "मला दाखव कुठे ती," म्हणाले आणि माझ्या हातातून टॉर्च घेऊन बराच वेळ वाकून बघत राहिले. चौथी पूर्ण वर आली की तिला सील करायला न्यायचं आहे. बाबा म्हणाले, "मीच नेतो."