ओळखीच्यांशी जवळीक, परक्यांशी दुरावा

मोबाइलमुळे माणसे एकमेकांना भेटेनाशी झाली, ही तक्रार आता जुनी झाली. सोलापूरच्या भवानी पेठेत मात्र ती जशीच्या तशी पटत नाही. यंत्रमाग आणि विडी वळण्यावर उदरनिर्वाह करणाऱ्या, घरात तेलुगू व बाजारात मराठी बोलणाऱ्या अनेक कुटुंबांचा गोतावळा दूरवर विखुरलेला आहे. लग्नाचे निमंत्रण असो वा अंत्ययात्रेची वेळ, व्हॉट्सअ‍ॅपवरील निरोप येथे माणसांना एकत्रच आणतो. कोरोनाच्या निर्बंधांमुळे जानेवारी २०२१ मध्ये सिद्धेश्वर यात्रेचे विधी मोजक्या मानकऱ्यांत पार पडले. निर्बंध उठल्यावर नंदीध्वजांच्या मिरवणुकीला पुन्हा गर्दी लोटली. पडद्यावरील दर्शनाने प्रत्यक्ष यात्रेची ओढ कमी केली नाही.

संशोधनाचा कलही काहीसा असाच आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे रॉबर्ट क्राउट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये इंटरनेटच्या वाढत्या वापराचा संबंध घरातील संवाद घटण्याशी आणि एकाकीपणाशी जोडला होता. पुढील पाहणीत हे दुष्परिणाम बहुतांशी ओसरल्याचे त्यांनीच २००२ मध्ये नोंदविले. मात्र बोलक्या स्वभावाच्या आणि आप्तांचे पाठबळ असलेल्या व्यक्तींना इंटरनेटचा लाभ झाला, तर एकलकोंड्यांची स्थिती अधिक बिघडली, असेही त्यांना आढळले. थोडक्यात, आधीची नाती या माध्यमाने घट्ट होतात. नसलेली नाती ते आपोआप निर्माण करीत नाही.

खरा धोका येथेच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. त्या काळात मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवांवर विश्वास बसला, कारण त्या ओळखीच्या माणसाकडून येत होत्या. समोर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा शब्द मात्र कोणाला खरा वाटला नाही. दारोदार हिंडणे हीच ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, त्यांच्याच जिवावर हा दुरावा बेतला.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी केवळ पाच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली. वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एप्रिल २०२० मध्ये एकावर आणली गेली. अशा उपायांनी अफवेचा वेग मंदावतो, संशय मिटत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू अशा तीन भाषा नांदविणाऱ्या सोलापूरला परक्याशी बोलण्याचा सराव आहे. तो बाजारात, यात्रेत आणि कारखान्याच्या दारात घडला. आप्तांच्या गटात कितीही संदेश आले-गेले तरी हा सराव तेथे होत नाही. म्हणूनच प्रत्यक्ष भेटी किती घटल्या, यापेक्षा त्या कोणाशी होईनाशा झाल्या, याची चिंता अधिक करायला हवी.