हसणे कोणावर?

जतच्या पेठेत वाढणाऱ्या मुलाला विनोद कळण्यासाठी इंग्रजीच्या तासाची वाट पाहावी लागत नाही. तालुक्याच्या पूर्वेला व दक्षिणेला कर्नाटक लागलेले. समोर आलेले गिऱ्हाईक मराठीत बोलेल की कन्नडमध्ये, याचा नेम नसतो. कन्नडमध्ये ‘बेळे’ म्हणजे डाळ आणि ‘बेले’ म्हणजे किंमत. जीभ जराशी घसरली की डाळ मागणारा माणूस किंमत मागून बसतो. ‘अक्की’ म्हणजे तांदूळ. नवख्या मराठी नोकराच्या कानाला तेच ‘अख्खी’ वाटते आणि तो ‘अख्खी गोणी का?’ असे विचारतो. या हशात गिऱ्हाईकही सामील असते, कारण चूक कोणाचीच नसते.

तेच मूल नववी-दहावीच्या वर्गात इंग्रजी विनोदी पाठाला मात्र परीक्षेच्या चेहऱ्याने बसते. शब्दार्थ फळ्यावर येतात, वाक्यांचा अनुवाद होतो, प्रश्नोत्तरे वहीत उतरतात. हसू तेवढे राहून जाते. यात शिक्षकाला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. समजावून सांगितलेला विनोद कोणत्याही भाषेत थंडच होतो. अडचण खरी आहे ती पुढची: हसू आले, तर ते कोणावर आले?

व्यापारी कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. शेक्सपिअरचे ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ जगभर शाळांतून शिकवले जाते. १६२३ साली त्याची नाटके एकत्र छापली गेली, तेव्हा हे नाटक सुखात्मिकांमध्ये घातले गेले. त्यातला सावकार शायलॉक मात्र शेवटी धन, धर्म आणि मुलगी हे सारे गमावून रंगमंचावरून जातो, आणि मंडळी आनंदात राहतात. मोलियरने १६६८ मध्ये कंजूष हार्पागॉन उभा केला. आचार्य अत्रे यांनी त्याला मराठीत ‘कवडीचुंबक’ म्हणून आणले. अत्रे स्वतः मुख्याध्यापक होते, शाळांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ सिद्ध करणारे होते. मुलांना काय हसवते हे त्यांना पक्के ठाऊक होते. कंजुषावरचे हसू गैर नाही. पण वर्गात त्या पाठानंतर दुकानदाराच्या मुलाकडे माना वळल्या, तर ते हसू कंजूषपणावरून उडून एका जातीवर, एका धंद्यावर जाऊन बसलेले असते. हा फरक वर्गातच उलगडून दाखवता येतो; मधल्या सुटीत तो कोणी दाखवत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांना या विषयाबद्दल आणखी एक शंका असते, आणि ती शास्त्रातून आलेली आहे. कर्मसिद्धांतात नऊ नोकषाय सांगितले आहेत. त्यांत हास्य पहिले. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्यव्रताच्या भावनांमध्ये क्रोध, लोभ आणि भय यांच्याबरोबरच हास्याचाही त्याग सांगितला आहे, कारण थट्टेच्या भरात असत्य सहज तोंडून जाते. अनर्थदंडव्रताच्या अतिचारांतही कंदर्प आणि कौत्कुच्य, म्हणजे असभ्य थट्टा आणि अंगविक्षेप, मोजले आहेत. मग मुलांनी शाळेत विनोदाचा अभ्यास करावा तो कशाला?

उत्तर याच परंपरेतील एका ग्रंथात सापडते. आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रसूरींनी प्राकृतात ‘धूर्ताख्यान’ रचले. उज्जयिनीच्या उद्यानात पावसात अडकलेले पाच धूर्त पैज लावतात: प्रत्येकाने आपला अनुभव सांगायचा, आणि जो त्याला खोटे म्हणेल त्याने सर्वांना जेवण घालायचे. अशक्य कोटीच्या थापा सुरू होतात. अखेर खंडपाना ही स्त्री म्हणते, माझे काही नोकर पळाले होते, ते तुम्हीच, आणि तुमच्या अंगावरचे कपडेही माझेच. खरे म्हणावे तर दास व्हावे लागते, खोटे म्हणावे तर जेवण घालावे लागते. दोन्ही बाजूंनी नफा राहील असा सौदा पेठेतही क्वचितच जमतो! पुढे भोजनाचा खर्चही ती एका श्रेष्ठीला गंडवूनच उभा करते. आचार्यांनी आपल्या श्रावकवर्गालाही थट्टेतून सूट दिलेली नाही.

१९४४ मध्ये सिंघी जैन ग्रंथमालेत हा ग्रंथ निघाला, त्याला डॉ. आ. ने. उपाध्ये यांचा इंग्रजी चिकित्सक अभ्यास जोडलेला होता. उपाध्ये बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे प्राध्यापक. याच सीमाभागातला एक जैन पंडित उपहासाच्या ग्रंथावर पूर्ण गांभीर्याने इंग्रजीत लिहितो. हास्याचा अभ्यास आणि हास्याच्या आहारी जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्पष्ट कसे व्हावे?

इंग्रजीच्या शिक्षकाला निवडीची मोकळीक असेल, तर त्याने स्टीफन लीकॉकची ‘माय फायनान्शियल करिअर’ ही छोटी कथा जरूर घ्यावी. लीकॉक कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत असे. त्याचा नायक ५६ डॉलर घेऊन बँकेत खाते उघडायला जातो आणि मॅनेजरला एकांतात भेटायचे म्हणतो. मॅनेजर त्याला आधी गुप्तहेर आणि नंतर धनकुबेर समजतो. खरी रक्कम कळताच त्याचा स्वर बदलतो. बिचारा निघताना दार समजून तिजोरीच्या खोलीत शिरतो, मग घाबरून सहा डॉलरच्या चेकवर ५६ लिहितो आणि आताच भरलेले सगळे पैसे काढून बाहेर पडतो. येथे हसणे आहे ते सांगणाऱ्याच्या स्वतःवर, आणि थोडेसे बँकेच्या रुबाबावर. पहिल्यांदा बँकेची पायरी चढणारा, हातातील पावती उलटसुलट करणारा खेडूत ज्या मुलाने पाहिला आहे, त्याला शब्दार्थांची फारशी गरज पडणार नाही.

शेवटी तो नायक आपली बचत चांदीच्या डॉलरांत करून एका मोज्यात ठेवू लागतो. मोज्याच्या जागी डाळीचा डबा घातला की जतपुरता अनुवाद पुरा झाला.