एकट्याची नाव, इतरांचा भार

करोनाच्या साथीत २६ मार्च २०२० रोजी इंग्लंडमध्ये अमलात आलेल्या टाळेबंदीच्या नियमांनी व्यायामासाठी घराबाहेर पडण्याची मुभा ठेवली होती. व्यायाम कोणता, हे मात्र सांगितले नव्हते. मग एकट्याने नदीवर नाव वल्हविणे गैर का मानावे? हा प्रश्न अवाजवी नव्हता. एकट्याच्या नावेत दुसरा माणूस नसतो. गजबजलेल्या उद्यानापेक्षा तेथे संसर्गाचे भय कमीच.

परंतु कोणत्याही कृतीचा हिशेब करणाऱ्यापाशीच संपत नाही, हा अर्थशास्त्राचा साधा धडा आहे. नावेचा आनंद एकट्याचा. ती उलटली, की भार मात्र इतरांवर. मार्चमधील पाणी थंडगार असते. बुडणाऱ्याला हात लावल्यावाचून वाचविणे अनेकदा कठीण असते, आणि ब्रिटनच्या किनाऱ्यांवर मदतीला धावणारे जीवरक्षक नौकांवरील बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत. रुग्णालयांवर आधीच ताण होता, तो वेगळाच. म्हणून ‘ब्रिटिश रोइंग’ या संघटनेने क्लबांचे उपक्रम थांबविण्यास सांगितले, ते उचितच होते.

तथापि, धोका ओसरू लागताच बंधनही सैल झाले पाहिजे. मे २०२०च्या मध्यास इंग्लंडमध्ये एकट्याने वल्हविण्याची वाट पुन्हा मोकळी झाली, हेही तितकेच योग्य. कायद्याची मनाई नाही, एवढ्यानेच कृती उचित ठरत नाही, हे नागरिकाने ओळखावे. आणि कारण न सांगता लादलेली बंदी लोक फार काळ पाळत नाहीत, हे शासनाने विसरू नये.