विटांचा वीट नक्की कुणाला आलाय?

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत 1960 आणि 70च्या दशकांत बांधलेली असंख्य घरं आहेत. त्यांतल्या बऱ्याच घरांत बैठकीची एक भिंत विटांची असते. लाल, तपकिरी, कधी गुलाबीसर विटा, मधोमध फायरप्लेसचं काळं तोंड, खाली दोघं-तिघं बसू शकतील असा ओटा आणि वर लाकडाची जाड फळी. असलं एक घर मी आणि बायकोनं गेल्या वर्षी विकत घेतलं. तेव्हापासून चहाला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं त्या भिंतीकडे बघून एकच प्रश्न विचारलाय, "हे अपडेट कधी करणार?"

अपडेट म्हणजे काय, हेही ठरलेलं आहे. विटा पांढऱ्या रंगवा. पांढरा फारच झाला असं वाटलं तर विटांवर पातळ सिमेंटचा हात फिरवा. त्याला 'जर्मन श्मिअर' असं भारदस्त नाव आहे. तेही नको असेल तर विटांवर आडव्या फळ्या ठोका. 2013मध्ये 'फिक्सर अपर' हा कार्यक्रम टीव्हीवर सुरू झाला आणि टेक्सासमधल्या एका जोडप्यानं या फळ्यांचं वेड देशभर पोचवलं. शेवटचा पर्याय म्हणजे सगळं सपाट करून टाइल लावायची आणि वर पासष्ट इंची टीव्ही टांगायचा. मग त्या टीव्हीवर संध्याकाळी काय लावायचं? जळत्या लाकडांचा व्हिडिओ! विनोद म्हणून सांगत नाहीये. नेटफ्लिक्सवर तो आहे आणि लोक बघतात. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स वाहिनीनं 1966च्या नाताळात पेटलेल्या फायरप्लेसचं चित्रण तासन् तास दाखवलं होतं, पण ते फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, घरी फायरप्लेस नसलेल्या लोकांसाठी. खरी फायरप्लेस बुजवून तिच्याच डोक्यावर तिचं चित्र लावायची कल्पकता आपल्या पिढीची.

माझं म्हणणं सरळ आहे. यातल्या बहुतेक गोष्टींना अपडेट म्हणणं ही फसवणूक आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अपडेट हा माझ्या पोटापाण्याचा शब्द आहे. आमच्याकडे अपडेट दोन कारणांनी होतो. काहीतरी बिघडलेलं किंवा असुरक्षित असतं ते दुरुस्त करायचं असतं, नाहीतर आधी न होणारं काम आता व्हायला हवं असतं. सुरक्षेचं भोक तसंच ठेवून कुणी बटणांचे रंग बदलले आणि "अपडेट केलं" म्हणून सांगितलं, तर त्याला खोलीत बोलावून दार लावून बोलावं लागेल.

फायरप्लेसच्या बाबतीत सर्रास हेच चाललंय. आमच्याकडे तीन कंत्राटदार येऊन गेले. तिघांनी भिंत मापली, तिघांनी रंगांच्या पट्ट्या दाखवल्या. टॉर्च घेऊन आत डोकं घालून वर बघणारा एकही नव्हता. झडप नीट बंद होते का, धुराड्याच्या आतलं भाजलेल्या मातीच्या नळ्यांचं अस्तर तडकलंय का, छपराच्या वर धुराड्याच्या डोक्यावरचा सिमेंटचा थर फुटून पाणी आत येतंय का, यातलं काही कुणी विचारलं नाही. मीच विचारलं तेव्हा एकजण हसून म्हणाला, "वर कोण बघतंय?"

वर बघायलाच हवं, कारण फायरप्लेस हे एक यंत्र आहे. काउंट रम्फर्ड या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बेंजामिन थॉम्प्सननं 1796मध्ये यावर निबंध लिहिला. आग जिथे जळते ती जागा उथळ करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा म्हणजे उष्णता खोलीत परावर्तित होईल, आणि वरचा गळा अरुंद करा म्हणजे धूर नीट ओढला जाईल, असं त्याचं सांगणं. त्याच्या आधी पन्नासेक वर्षं बेंजामिन फ्रँकलिननं याच दुखण्यावर लोखंडी शेगडीचा उपाय काढला होता आणि तिचं पेटंट घ्यायला नकार दिला होता. उष्णता धुराड्यातून निघून जाते आणि धूर घरात येतो, हा या लोकांपुढचा प्रश्न होता. दोघांनीही जे केलं ते खरं अपडेट. विटांचा रंग कोणता, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

यंत्र म्हटलं की नियम आले. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत लागू असलेल्या निवासी बांधकाम संहितेप्रमाणे फायरप्लेसच्या तोंडापासून 6 इंचांच्या आत जळू शकणारी कोणतीही वस्तू चालत नाही. 12 इंचांच्या आत असेल तर तोंडापासूनच्या दर इंचामागे ती फार तर अष्टमांश इंच पुढे आलेली चालते. तोंडाच्या पुढे कमीत कमी 16 इंच आणि दोन्ही बाजूंना 8 इंच न जळणारा ओटा लागतो. तोंड मोठं असेल तर 20 आणि 12 इंच. आता सजावटीच्या फोटोंमधल्या त्या कडेपर्यंत आणून भिडवलेल्या सुंदर लाकडी फळ्या आठवा. विस्तव पेटवायचाच नाही असं ठरलं असेल तर ठीक. पण घर विकताना त्याच फायरप्लेसचा उल्लेख 'वैशिष्ट्य' म्हणून होतो आणि नवा मालक पहिल्याच थंडीत काडी ओढतो. टीव्हीचंही तेच. बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत 40 अंश सेल्सिअसच्या वर वापरू नका असं लिहिलेलं असतं, आणि आपण तो नेमका विस्तवाच्या डोक्यावर टांगतो.

दुसरा मुद्दा परतीच्या रस्त्याचा. आमच्या धंद्यात चुकीचा बदल मागे घेता येतो, म्हणून आम्ही बिनधास्त प्रयोग करतो. विटेला रंग लावणं मागे घेता येत नाही. वीट सच्छिद्र असते आणि रंग तिच्या भोकांत शिरून बसतो. काढायचा तर रसायनाचे थर पुन्हा पुन्हा लावा, घासा, धुवा. तरी खाचांमध्ये पांढरं उरतंच. वाळूचा मारा करून काढला तर भट्टीत भाजून तयार झालेलं विटेचं कडक तोंडच निघून जातं आणि आतला मऊ, पाणी पिणारा भाग उघडा पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेनं जुन्या इमारतींच्या जतनासाठी ज्या पुस्तिका काढल्या आहेत, त्यांतली सहावी अख्खी पुस्तिका अशा मारझोडीच्या सफाईविरुद्ध आहे. शिवाय एखाद्या जुन्या मालकानं आधीच रंग लावलेला असेल आणि तो 1978च्या आधीचा असेल, तर त्यात शिसं असू शकतं. घरातल्या रंगात शिसं वापरायला इथे त्या साली बंदी आली. असा रंग तपासल्याशिवाय खरवडणं म्हणजे रांगत्या पोरासमोर विषाची पूड उडवणं.

यावर उत्तर तयार असतं, "अरे, पण ती काय ताजमहालची भिंत आहे का?" नाही. आमचं घर रॉबी हाउससुद्धा नाही. शिकागोतलं ते घर फ्रँक लॉइड राइटनं 1910मध्ये पूर्ण केलं. घराच्या मधोमध फायरप्लेस आहे आणि विटा लांबट, बारीक आहेत. आडव्या दरजा खोल कोरलेल्या, तर उभ्या दरजा विटेच्या रंगाच्या मसाल्यानं विटेच्या पातळीला भरलेल्या, म्हणजे नजर आडवी धावत जावी. आमच्या घराच्या गवंड्याला राइटचं नाव माहीत होतं की नाही, देव जाणे. पण फायरप्लेसच्या तोंडावर त्यानं विटांची एक ओळ उभी लावली आहे, कोपऱ्यावर अर्ध्या विटांचा हिशेब चुकू दिलेला नाही, आणि जरा जास्त भाजलेल्या काळपट विटा एका ठिकाणी न साचू देता भिंतभर पसरल्या आहेत. कुणीतरी प्रत्येक वीट हातात घेऊन हे ठरवलंय. पांढऱ्या रंगाच्या दोन हातांत हे सगळं पुसलं जातं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेपाकडे येतो. तो सौंदर्याचा नाही, व्हिसाचा आहे. आमच्यासारख्या एच-1बीवर राहणाऱ्यांची नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. ग्रीन कार्डाची रांग कधी हलेल ते सांगता येत नाही. अशा माणसानं घर कायम विकायच्या तयारीत ठेवावं, भिंती कुणालाही खटकणार नाहीत अशा ठेवाव्यात, असं मित्र सांगतात. त्यांच्या बोलण्यात कळकळ आहे आणि ती भीती मला अनोळखी नाही. रात्री दोनला ती माझ्याही उशाशी येऊन बसते.

पण या युक्तिवादाचा शेवट कुठे होतो, ते बघा. ज्या गिऱ्हाइकाला आपण कधी बघितलेलं नाही त्याच्या आवडीनं आपण भिंत रंगवायची. पडदे त्याच्या आवडीचे, फरशी त्याच्या आवडीची. हप्ते मात्र आपण भरायचे. म्हणजे तीस वर्षांचं कर्ज काढून आपण एका अनोळखी माणसाच्या घराची राखणदारी करतो. व्हिसा आपल्याला इथे पाहुणा ठरवतो, ते आपल्या हातात नाही. पण स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं अंग चोरून राहायचं, हे आपण आपल्या हातानं करतोय. आणि ज्याच्यासाठी करतोय तो कोण? त्याला पांढरंच आवडतं, हे कुणी ठरवलं? पाच वर्षांनी फॅशन उलटली की हीच मंडळी "मूळ वीट हवी होती" म्हणून भाव पाडतील.

फॅशन उलटते याचा पुरावा हवा असेल तर पुण्यात जा. नव्या कॅफेंमध्ये काँक्रीटच्या भिंतींवर विटेसारख्या दिसणाऱ्या पातळ टाइल चिकटवलेल्या असतात, कारण 'न्यूयॉर्क लूक' हवा असतो. तिकडे खोटी वीट डकवायला पैसे मोजतात, इकडे खरी वीट झाकायला. दोन्हीकडे धंदा एकच आहे: जे आहे त्याची लाज वाटायला लावणं.

मी वीटपूजक मात्र नाही. दुसऱ्या टोकाला एक जमात आहे, जिला विटांसकट उघड्या विस्तवाचंही प्रेम असतं. त्यांच्याशीही माझं भांडण आहे. उघडी फायरप्लेस घर तापवण्याच्या कामी फार वाईट. खोलीतली तापलेली हवाच ती धुराड्यातून बाहेर ओढते आणि तिच्या जागी फटींतून थंड हवा आत येते. लाकडाच्या धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसात खोल जातात. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात हवा खराब असलेल्या दिवशी लाकूड जाळायला बंदी आहे, आणि 2016च्या नोव्हेंबरपासून तिथल्या नव्या इमारतींत लाकूड जाळणारी फायरप्लेस बांधताच येत नाही. ज्यांच्या आज्यांनी फुंकणीनं चूल फुंकत डोळे लाल करून घेतले, त्यांना यात नवल वाटू नये. माझ्या आजीला चुलीच्या धुराचा रम्य वास कधी आला नाही, खोकला आला. तिच्या घरात गॅस आला तेव्हा ते खरं अपडेट होतं. भिंत तशीच काळी राहिली आणि तिचं कुणालाही काही वाटलं नाही.

मग करायचं काय? क्रम लक्षात ठेवला तर प्रश्न सोपा आहे. आधी धुराडं. दरवर्षी तपासून घ्यायचं, आत साचलेला क्रिओसोटचा डांबरासारखा थर काढून घ्यायचा. धुराड्याला आग लागते ती त्यानंच. वर टोपी नसेल तर बसवायची, म्हणजे पाऊस आणि खारी आत येणार नाहीत. मग उष्णता. फायरप्लेस खरोखर वापरायची असेल तर तिच्या पोटात बसणारी, काचेचं दार असलेली बंद शेगडी बसवा. वापरायची नसेल तर झडपेच्या जागी नीट बंद होणारं झाकण बसवा. गळती थांबली की घर उबदार होतं आणि बाहेरून एकही वीट बदललेली दिसत नाही. मग विटा. मऊ ब्रश, सौम्य साबण, पाणी. अर्ध्या लोकांना जो 'जुनाट रंग' वाटतो, ती पन्नास वर्षांची काजळी असते. दरजा सुटल्या असतील तर गवंड्याकडून भरून घ्या, मसाला विटेपेक्षा मऊ असू द्या. कडक सिमेंट भरलं तर पुढे वीट फुटते.

हे सगळं झाल्यावरही खोली अंधारी वाटत असेल, तर त्याला औषध आहे. भडक पितळी चौकट काढा, आजूबाजूच्या भिंतींना फिका रंग द्या, वरून विटांवर उजेड पडेल असा दिवा लावा. अंधार हा उजेडाचा प्रश्न आहे, विटेला त्याची शिक्षा कशाला? आणि आधीच्या मालकानं वाटोळं केलंच असेल, विटा डागाळून चट्ट्यापट्ट्यांच्या झाल्या असतील आणि पांढरं करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर चुना लावा. आपल्याकडे दिवाळीआधी घरांना लावत आले तोच, विरी गेलेला साधा चुना. तो विटेला श्वास घेऊ देतो, आणि पुढे नको झाला तर रंगापेक्षा सुखानं निघतो. मराठीत 'चुना लावणे' म्हणजे फसवणे. पण या अख्ख्या बाजारात सगळ्यात प्रामाणिक वस्तू चुनाच आहे.

राहता राहिलं ते आमचं न बघितलेलं गिऱ्हाईक. उद्या माझे 60 दिवस खरंच सुरू झाले आणि घर विकावं लागलं, तर त्याला धुराड्याच्या तपासणीचे कागद मिळतील, घट्ट बंद होणारं झाकण मिळेल आणि बिनरंगी विटा मिळतील. पांढरीच भिंत हवी असेल तर त्यानं खुशाल रंगवावी, एका शनिवारचं काम आहे. रंगाचा डबा तेव्हाही दुकानात असेल. आज मी रंगवून ठेवली आणि त्याला वीट हवी असली, तर मात्र ती त्याला कुठल्याच दुकानात मिळणार नाही.