भंगारात घालण्याआधी एकदा ऐका



मे महिन्यात माहेरी पेडण्याला गेले होते. कौलं काढून स्लॅब घालायचा म्हणून माळा रिकामा करणं चाललं होतं. पत्र्याच्या पेटीत दादाचा वॉकमन सापडला, काकांनी कुवेतहून आणलेला. सोबत अकरा कॅसेट. एकीवर बाबांचं अक्षर: 'चवथ 1992, आरत्या'. ज्या टू-इन-वनवर त्या भरल्या, तो कधीच गेला. वहिनी म्हणाली, "भंगारवाला येतोय, देऊन टाकूया." मी सगळं पिशवीत घालून डिचोलीला घेऊन आले.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेले तेव्हा एका दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने उघडलासुद्धा नाही. "काकी, कशाला आता हे? सगळं मोबाईलवर मिळतं."

माझा वाद इथेच आहे. नाट्यपदं मिळतील, सिनेमाची गाणी मिळतील. आमच्या घरच्या आरत्या कुठे मिळणार? त्यांची जगात एकच प्रत, तीही माळ्यावर.

शेवटी नातवाला घेऊन मीच बसले. सेल गळून पत्र्यांवर पांढरट-हिरवं किटण चढलं होतं. कान साफ करायची काडी व्हिनेगरमध्ये बुडवून ते घासलं, कोरडं पुसलं. नवे पेन्सिल सेल घातले तर मोटर गुणगुणली, पण चाकं फिरेनात. म्हणजे बेल्ट गेला. मोटरची गती चाकांना पोचवणारं ते रबराचं बारीक कडं. मागचे स्क्रू काढले, प्रत्येक पायरीला नातवाने फोटो घेतला. आत बेल्टचं डांबर झालेलं! टूथपिकने खरवडलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. बेल्ट जिथून फिरतो तिथे दोरा गुंडाळून माप घेतलं आणि त्याहून किंचित लहान बेल्ट ऑनलाइन मागवला. शंभर रुपयेही लागले नाहीत. हेड आणि रबरी रोलरही त्याच स्पिरिटने पुसले. आणि हे विसरू नका: आधी टाकाऊ कॅसेट लावून बघा. मशीन बिघडलेलं असेल तर टेप गिळतं. आपल्या पावसात टेपला बुरशीही येते, तेही बघून घ्या.

मग बाबांची कॅसेट लावली. घुमट, शामेळ, झांज. सात जणांचे आवाज, आणि मधेच मागून आई: "दिव्यांत तेल घाल गो!" ते मलाच. त्या सातांपैकी आज दोघे आहेत.

2019 साली सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला. चांगलं झालं. पण आमच्या घरात आरती कुठे लांबवायची, घुमट कुठे थांबवायचं, हे कुठल्या सरकारी कागदावर नाही. ते त्या फितीवर आहे. आता चवथीला आमच्याकडे मोबाईलची आरती लावतात, म्हणून सांगते.

कॅसेटचं मला कौतुक नाही. खरखर येते, टेप अडकते. पण मशीन आपल्याला काही तासच हवं आहे. हेडफोनच्या जागेतून लॅपटॉपला वायर जोडायची आणि भरून घ्यायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतात, घाई चालत नाही. फिलिप्सने कॅसेट आणली 1963 मध्ये, सोनीचा वॉकमन आला 1979 मध्ये, आणि 2010 मध्ये सोनीने जपानमध्ये कॅसेटचा वॉकमन करणं थांबवलं. घराघरांतली जुनी मशीनं आता कमीच होत जाणार, फितीही जुन्या होणार.

त्या दोघांतला एक म्हणजे आमचा दादा. तो अजून ऐकायला तयार नाही. म्हणतो, "गेलेल्यांचे आवाज कशाला उकरून काढतेस?" त्याचंही खोटं नाही. मला स्वतःला दुसरी बाजू लावायला चार दिवस लागले. पण ऐकायचं की नाही हे ठरवायला आवाज आधी वाचलेला तर हवा. फाईल त्याला पाठवून ठेवली आहे. ऐकेल तेव्हा ऐकेल.

या चवथीआधी आपापला माळा बघा. बेल्टच्या मापाला कुणाचं अडलं तर इथे विचारा, नातू सांगेल.