पोराच्या खात्यावर जमा किती?



आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत विषय कुठलाही ठेवा, बचत गटाचा हप्ता असो की वर्षावासातल्या ग्रंथवाचनाची पाळी, शेवटी गाडी एकाच स्टेशनात येऊन थांबते. "ताई, पोरगं ऐकतच नाही हो!" सांगणारी कुणी घाटकोपरची असते, कुणी भांडुपची, कुणी मुलुंडला नव्या इमारतीत राहायला गेलेली. घरं वेगळी, नवऱ्यांच्या नोकऱ्या वेगळ्या, पण मुलांचं वय एकच. तेरा ते सतरा.

माझ्याही घरात असे दोन आहेत. थोरला सतरा वर्षांचा, धाकटा चौदाचा. त्यामुळे आजचं हे लिहिणं म्हणजे काठावर कोरडं उभं राहून दिलेला सल्ला नव्हे. पाण्यात गटांगळ्या खाता खाता शेजारणीला मारलेली हाक आहे.

धाकट्याचा आवाज सध्या फुटतोय. "आई, डबा" एवढे दोन शब्द म्हणतो, त्यात "आई" बाईच्या आवाजात आणि "डबा" ट्रकच्या भोंग्यासारखा. परवा फोनवर नणंदेने विचारलं, "वहिनी, घरी पाहुणे आलेत का?" मी म्हटलं, "पाहुणेच म्हणा. जेवायच्या वेळेला येतात, ताट जागेवर ठेवून जातात."

थोरल्याची तऱ्हा निराळी. मी बी.कॉम. आहे, आकड्यांना घाबरत नाही. पण नऊ वाजता आठ चपात्या खाल्लेला मुलगा साडेदहाला फ्रिज उघडून उभा राहतो आणि म्हणतो, "आपल्या घरात खायला काही नसतंच!" तेव्हा ही नोंद कोणत्या खात्यात घालावी ते मला कळत नाही. सकाळी हाच गडी आरशासमोर पाऊण तास उभा. केस असे करायचे की नुकताच झोपेतून उठल्यासारखा दिसला पाहिजे. मी म्हटलं, "अरे, मग नुसता उठून जा की!" त्यावर उत्तर काय, तर "आई, लोड घेऊ नको."

आणि ऐकू न येण्याचं तर विचारूच नका. पण या बहिरेपणाचा इतिहास मोठा आहे. १९८८ सालच्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा सामना चालला होता. शारदाश्रमचे दोन विद्यार्थी खेळत होते. एक चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर, दुसरा सोळा वर्षांचा विनोद कांबळी. हा दुसरा म्हणजे आपल्या इकडचाच, कांजुरमार्गहून लोकलच्या गर्दीत किटबॅग घेऊन जाणारा. धावा भरपूर झाल्या, आता डाव घोषित करा, असा आचरेकर सरांचा निरोप होता. सरांचे सहायक सीमारेषेवरून हातवारे करत राहिले, ओरडत राहिले. दोघं तिकडे बघेचनात! सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची. तेव्हा आपली हाक पोरगं ऐकत नसेल तर एकदम कपाळाला हात लावू नका. आत कुठला डाव रंगलाय ते आधी बघा. हां, बऱ्याचदा मोबाइलचाच रंगलेला असतो, ते वेगळं.

यातलं बरंचसं शरीर करतं, हे आईबापांनी समजून घेतलं तर निम्मा राग जागच्या जागी विरघळतो. या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं संप्रेरक रात्री उशिरा पाझरायला लागतं, म्हणून बाराला डोळा लागत नाही आणि सहाला उघडत नाही. त्यात गरज मात्र आठ ते दहा तास झोपेची. मेंदूचा जो पुढचा भाग "थांब, विचार कर" असं सांगतो, तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे गाडीला इंजिन नवंकोरं बसलं, पण ब्रेकचं काम अजून चालू आहे. ब्रेक तयार होईपर्यंत शेजारी कुणीतरी बसावं लागतं. ते आपण.

आता कुणी म्हणेल, ताई, हसण्यावारी काय नेता? आमच्या जिवाला घोर आहे. घोर मलाही आहे. आपल्या वस्त्यांतल्या आईला रात्री दहानंतर पोरगं घरी नसलं की ज्या भीती वाटतात, त्या मोठ्या सोसायटीतल्या आईला वाटत नाहीत. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांचा गोळीबार झाला आणि दहा जणांचा जीव गेला. त्या काळात वाढलेल्या आम्ही आज आया झालो आहोत. नाक्यावर चार पोरं नुसती उभी असली तरी त्यांच्याकडे कोणत्या नजरेने बघितलं जातं, ते आम्हाला माहीत आहे. म्हणून आम्ही ओरडतो. कुठे होतास, कुणाबरोबर होतास, इतका वेळ का लागला, फोन का नाही उचललास!

पण पोराच्या बाजूने जरा विचार करा. नाक्यावर त्याला हशा मिळतो, तोही फुकट. तिथे त्याच्या नकलेला दाद मिळते, नव्या शर्टाला "एक नंबर, भाई" मिळतं. घरात आल्यावर मिळते ती चौकशी. मग दीडशे चौरस फुटांच्या खोलीत, जिथे पाय पसरायला जागा नाही, तिथे ते कशासाठी लवकर येईल? नाक्यावरचे दादा लोक हे बरोबर ओळखतात. ते पहिल्यांदा काही वाईट काम सांगत नाहीत. ते आधी वडापाव देतात, पाठीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "तुझ्यात दम आहे." पोराला "तुझ्यात दम आहे" हे पहिल्यांदा कुणी सांगितलं, घरातल्या माणसाने की नाक्यावरच्या, यावर पुढचं पुष्कळ ठरतं. म्हणून घरात हसू असणं ही चैन नाही. ती राखण आहे.

आपल्याला याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. साताऱ्याला असताना लहानग्या भीमरावाच्या मनात आलं की शाळा सोडावी, मुंबईला पळून जावं आणि गिरणीत काम धरावं. भाड्याला पैसे नव्हते. म्हणून शेजारी झोपणाऱ्या आत्याच्या कनवटीची पिशवी लांबवायचा बेत केला. तीन रात्री जमलं नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर आत निघाला अर्धा आणा! अर्ध्या आण्यात कुठली मुंबई? त्या फजितीतून पोरगं स्वतःशीच शरमलं आणि मन लावून अभ्यास करायचं ठरवून बसलं. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेली आहे आणि धनंजय कीरांच्या चरित्रात ती वाचायला मिळते. सांगायचं कारण एवढंच, की त्या चार रात्रींवरून "हा वाया गेला" असा शेरा मारून कुणी त्या मुलाचं खातं कायमचं बंद केलं असतं तर? आपल्या पोराची वही मिटण्याआधी ही अर्ध्या आण्याची पिशवी डोळ्यांपुढे आणावी.

पुढे सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईत परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. तिथेच चूल, तिथेच भांडीकुंडी, तिथेच अभ्यास. सगळ्यांना नीट निजायलाही जागा नाही. सुभेदारांनी यावर उपाय काढला. भीमाला लवकर झोपवायचं, आपण रात्री दोनपर्यंत जागायचं, दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवायचं आणि मग त्याच्या जागेवर आपण आडवं व्हायचं. मुलाने पुस्तक मागितलं आणि हातात पैसे नसले, की लग्न झालेल्या मुलींकडे जायचं. त्यांच्याकडेही नसले तर मुलीचा दागिना गहाण ठेवायचा आणि पेन्शन हातात आली की सोडवून परत द्यायचा. शिस्त कडक होती, पण त्या शिस्तीची किंमत बाप आधी स्वतःच्या झोपेतून मोजत होता. "आम्ही तुझ्यासाठी इतकं करतो" हे सुनवण्याची वेळच येत नाही, जेव्हा ते मुलाला रात्री दोन वाजता दिसतं.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाले. गुण किती? ७५० पैकी २८२. हिशेब करून बघा, अडतीस टक्केही होत नाहीत. आज असा निकाल घेऊन पोरगं घरी आलं तर आपण शेजारी पेढे वाटू की दार लावून घेऊ? पण तेव्हा त्या मुलाच्या सत्कारासाठी सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. हे केळुसकर गुरुजी ना नात्याचे, ना शेजारचे. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला एक मुलगा त्यांना दिसला. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तकं पुरवली. टक्के तेवढे बघणारा माणूस त्या मुलाजवळ थांबला नसता. मुलगा काय करतोय हे बघणारा थांबला.

आता घरच्या कामाचं सांगते. आम्ही कारकून मंडळी नावे आणि जमा अशा दोन बाजूंशिवाय पान उघडत नाही. घरात मात्र पोराच्या खात्यावर सगळं नावेच पडत असतं. ओला टॉवेल पलंगावर, नावे. गणितात कमी, नावे. उलट उत्तर, नावे. मी एक जुनी डायरी घेतली. नावे लिहायचं असेल तर खुशाल लिहायचं, पण त्याच दिवशी जमेला एक तरी खरी नोंद शोधल्याशिवाय पान बंद करायचं नाही. पहिले दोन दिवस शोधावं लागलं. मग दिसायला लागलं. आजीच्या गोळ्या न सांगता आणून दिल्या, जमा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा सिलिंडर वर चढवून दिला, जमा. भावाशी भांडला, पण भेळेतली अर्धी त्याला ठेवली, जमा. एकदा ही डायरी थोरल्याच्या हाती लागली. वाचून म्हणाला, "आई, ऑडिट कधी आहे?" पण त्या रात्री टॉवेल दोरीवर होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा पलंगावर, ते सोडा.

जमेची नोंद खोटी नको, एवढं पथ्य पाळा. "माझा राजा किती हुशार" असल्या मोघम कौतुकाला या वयाची मुलं फसत नाहीत. काय केलंस ते बघितलं, एवढंच सांगा. "काकांचा सिलिंडर तू नेलास, मी पाहिलं." बस्स. छाती दोन इंच पुढे येते.

विनोदालाही पथ्य आहे. उंची, रंग, मुरमं, फुटलेला आवाज, परीक्षेतले गुण यांवर चारचौघांत हसायचं नाही. पाहुण्यांपुढे तर मुळीच नाही. एकांतात तो स्वतः हसला तर आपणही हसावं. सगळ्यात सुरक्षित विनोद स्वतःवरचा. मला त्यांच्या मोबाइलमधलं काही जमलं नाही की दोघं मिळून माझी जी नक्कल करतात, ती मी थांबवत नाही. ज्या घरात पोरांना आईवर प्रेमाने हसता येतं, त्या घरात त्यांना आईजवळ रडताही येतं. आणि बापमंडळींना एक विनंती. मुलाशी फक्त निकालाच्या दिवशी आणि पैसे मागितल्याच्या दिवशी बोलू नका. रविवारी मटण आणायला जाताना त्याला बरोबर न्या. शेजारी शेजारी चालताना मुलगे जे बोलतात, ते समोर बसवून विचारलं तर बोलत नाहीत.

मात्र सगळंच हसण्यावर जात नाही, हेही ओळखायला हवं. मुलगा आठवडेच्या आठवडे गप्प राहिला, जेवण तुटलं, मित्र तुटले, नशेचा वास आला किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलला, तर थट्टा नको आणि मारही नको. सरळ मदत घ्या. सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन नंबर विहाराच्या फळ्यावर आणि घरात कॅलेंडरवर लिहून ठेवा. लाजण्यासारखं त्यात काही नाही. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातोच ना?

शेवटी एक काम, आणि ते आईबापांचं नाही. वस्तीतल्या प्रत्येक शिकल्या-सवरल्या माणसाने शेजारच्या एका मुलाचं केळुसकर गुरुजी व्हावं. त्याला उपदेश करायचा नाही. रविवारी विहारात भेटला तर "सध्या काय वाचतोस, काय खेळतोस" एवढं विचारायचं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकायचं. स्वतःच्या आईचं न ऐकणारं पोरगं शेजारच्या काकांचं हमखास ऐकतं. तेव्हा माझी दोन्ही पोरं तुमच्याकडे पाठवते, तुमची माझ्याकडे पाठवा. येताना जेवून येऊ द्या, एवढीच अट. आमच्याकडे चपात्यांचं खातं आधीच तोट्यात आहे!

जयभीम.